आत्याच्या नावानं करपलेला लाल भात

मेकन, जॉर्जिया
मंगळवार (कपडे धुवायचे तसेच पडलेत)

तीर्थरूप ऑगस्टा आत्यांच्या पायाशी वर्नेलचा नमस्कार. गुडघ्यामुळे हल्ली खरोखरचं वाकणं होत नाही, तेव्हा या कागदावर मी पुरती वाकले आहे असं समजून घ्यावं.

तुमचा रक्तदाब कसा आहे? डाव्या डोळ्यात थेंब घालता ना वेळेवर? कोंबड्या अंडी घालायला लागल्या का, की अजून रुसल्यात? इकडे आम्ही सगळे तुमच्या आशीर्वादानं बरे आहोत. माझी तब्येत तर इतकी सुधारली आहे की रविवारच्या निळ्या झग्याची पाठीवरची चेन आता निम्म्यावर येऊन थांबते आणि पुढं जायचं नाव काढत नाही. त्याचं कारण या पत्रात येईलच.

तुम्ही डॅरियनमध्ये ओसरीवरच्या खुर्चीतून न हलता अख्ख्या जॉर्जियाची खबर ठेवता, हे मला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी मी सवाना शहरात एका चौकातल्या बाकावर बसून बोटं चाटत होते, तेव्हा समोरून तुमच्या चर्चमधल्या मिसेस पिंकनी गेल्या. मी मान खाली घातली, पण माझ्या हॅटला कुठं मान खाली घालता येते? तेव्हा ‘माझी भाची एका तासाच्या अंतरावर आली, तीन दिवस खात बसली, आणि म्हाताऱ्या आत्याच्या दारात पाऊल टाकलं नाही’ हे तुम्हाला रविवारची प्रार्थना संपायच्या आत कळलं असणार. आत्या, रागवा, तुमचा हक्कच आहे. पण आधी सगळं वाचा आणि मग रागवा. (वाचून झाल्यावर कदाचित जास्त रागवाल, पण ते वेगळ्या कारणासाठी.)

हे सगळं इमोजीनसाठी केलं. आमच्या चर्चच्या जेवणात जिच्या पातेल्यापाशी सगळ्यात मोठी रांग लागायची, ती इमोजीन. ही बाई सभागृहाच्या दारात उभी राहून नुसत्या वासावर सांगायची की तिसऱ्या टेबलावरच्या घेवड्यात डुकराचं हाड कमी पडलंय आणि कुणीतरी केकमध्ये विकतचा व्हॅनिला घातलाय. (तो व्हॅनिला माझा होता. मी कबूल केलं नाही.) गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही बरोबर घेऊन गेला. कशाचा वास नाही, कशाची चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. चौदा महिने झाले. तिनं स्वयंपाक सोडला, बुधवारच्या जेवणाला येणं सोडलं, आणि घड्याळात बघून उकडलेलं अंडं खायला लागली. त्यात जुलैत एकदा गॅस उघडा राहिला. तिला कसा कळणार? शेजाऱ्यांना कळला म्हणून निभावलं. झालं, तिच्या मुलानं डेट्रॉइटहून लकडा लावला, आई, एकटी राहू नकोस, इकडे ये. आणि इमोजीन, जी आयुष्यात कधी कुणाचं ऐकत नव्हती, ती “बरं” म्हणाली. नाताळच्या आधी घर विकायचं ठरलं. आत्या, तुम्हाला सांगते, तिचं ते “बरं” ऐकून मला आणि ओडेसाला धडकी भरली.

ओडेसा म्हणजे शाळेच्या भोजनघरावर तीस वर्षं राज्य केलेली ओडेसा. माझ्या लग्नात केकचे तुकडे तिनं पट्टी लावून कापले होते, तीच. तिनं जाहीर केलं की जगात एक तरी पदार्थ असा असणार, ज्याच्यापुढं इमोजीनच्या जिभेला शरण जावंच लागेल, आणि तो पदार्थ सवानात नसेल तर कुठंच नाही. लगेच वेळापत्रक तयार. शुक्रवार दुपार ते रविवार दुपार, अकरा जेवणं. नियम तीन. दोघींनी एकच पदार्थ मागवायचा नाही, पावानं पोट भरायचं नाही, आणि इमोजीनला सारखं “काही लागतंय का?” विचारायचं नाही. (तिसरा नियम ओडेसानं स्वतः गाडी मेकनच्या बाहेर पडायच्या आत मोडला.) त्या वेळापत्रकात डॅरियनला जागा नव्हती, आत्या. मी सुचवलं होतं. ओडेसा म्हणाली, “तुझ्या आत्याकडे गेलो तर बाराव्या जेवणाशिवाय त्या सोडतील का?” यावर काय उत्तर द्यायचं, ते तुम्हीच कळवा.

शुक्रवारी दुपारी एका जुन्या खानावळीबाहेर दीड तास रांगेत उभ्या राहिलो. तिथं एकाच लांब टेबलाशी अनोळखी माणसांबरोबर बसायचं आणि भांडी हातोहात फिरवायची. आमच्यासमोर मिनेसोटाहून आलेलं एक गोरंपान, गोड स्वभावाचं जोडपं होतं. त्यातल्या नवऱ्यानं मक्याच्या कण्या वाढून घेतल्या आणि वर साखर घालायला हात पुढं केला. कण्यांवर साखर, आत्या! ओडेसानं एक शब्द न बोलता साखरेचं भांडं उचललं आणि जेवण होईपर्यंत आपल्या मांडीवर धरून बसली. तो बिचारा शेवटी कॉफीसाठी साखर मागायला लागला, तर म्हणते, “कण्या संपल्या का? मग घे, बाळा.” तळलेली कोंबडी, बटाट्याचं भरीत, भेंडी-टोमॅटो, बिस्किटं असं सगळं आलं. मी खाताना डोळे मिटत होते. इमोजीननं प्रत्येक गोष्ट एक-एक घास खाल्ली आणि प्रत्येक घासाला म्हणाली, “छान आहे हं.” कुणी मयताला फुलं पाठवली की आपण ज्या आवाजात आभार मानतो ना, अगदी त्या आवाजात.

संध्याकाळी नदीकाठी कालवं झाली. ओडेसाचा सिद्धांत असा की चव गेलेली असली तरी समुद्र कुणाला चुकत नाही. समुद्र चुकला. मग तिनं मिरचीचा जहाल रस्सा मागवला, एवढा जहाल की देणाऱ्या पोरीनं आधी “नक्की ना, मॅडम?” असं दोनदा विचारलं. इमोजीननं चमचाभर घेतला, जरा विचार केला आणि म्हणाली, “ओठांना कोमट लागलं.” ओडेसाला वाटलं की रस्साच पांचट आहे. म्हणून तिनंही चमचाभर घेतला. आत्या, त्यानंतर ओडेसाचा आवाज सकाळपर्यंत बंद होता. तीन दिवसांतले ते सर्वांत शांत तास.

परत येताना आम्ही एका बाकावर टेकलो होतो. ओडेसा मुकी, मी तुडुंब. इमोजीन मध्ये बसून सहजपणे म्हणाली, “तुम्ही दोघी खाताना बघायला बरं वाटतं गं. मला तेवढं पुरे. आता उगाच उद्या नवीन काही करू नका.” मी तोंड वळवलं आणि हॅटची पिन नीट करत बसले. पिन नीटच होती.

आता शनिवार. इथून पुढचं जरा बसून वाचावं.

एका चौकाच्या मागच्या गल्लीत मिस ड्रुसिला म्हणून एका बाईंचं छोटंसं जेवणघर आहे. सहा टेबलं, एक पंखा, आणि बाई स्वतः चुलीपाशी. आम्ही पोचलो तोवर दुपारची गर्दी ओसरली होती. मी टोमॅटोतला लाल भात मागवला. कोळंबी वर घालून आला, वाफाळता, एकेक शीत सुटं. इमोजीननं माझ्या ताटातला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. या खेपेला तिनं “छान आहे हं”सुद्धा म्हटलं नाही. आत्या, मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं, तिला हसवायचं, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, “हा काय लाल भात झाला? लाल भात खावा तर माझ्या ऑगस्टा आत्याचा. त्याच्यापुढं हा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य!”

मिस ड्रुसिला हात पुसत बाहेर आल्या. उंची माझ्या खांद्याइतकी असेल, पण मला त्या छताला टेकल्यासारख्या वाटल्या.

“कुणाची आत्या?”

“माझी,” मी म्हणाले. आवाज एव्हाना तळघरात गेला होता.

“आणि तिचा भात माझ्याहून मोकळा होतो?”

यावर मी माफी मागणारच होते. पण ओडेसाचा आवाज नेमका त्या सकाळी परत आला होता. तिनं तुमचा भात कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही. तरी म्हणाली, “मोकळा तर होतोच. शिवाय त्याला चव असते.”

“मग आत या,” मिस ड्रुसिला म्हणाल्या. “चूल रिकामी आहे. दाखवा.”

आत जाताना माझ्या लक्षात आलं की मला लाल भात येत नाही. पन्नास वर्षं तो मी खात आले, पण ऐन मोक्याच्या वेळी तुम्ही मला दरवेळी कोंबड्यांना दाणे टाकायला पिटाळता. (हे सहज आठवलं म्हणून लिहिलं, तक्रार नाही.) मी टोमॅटो हातात घेऊन असा बघत राहिले की जणू तोच काही बोलेल. तेवढ्यात इमोजीननं बाह्या वर केल्या. “सर बाजूला,” म्हणाली. चौदा महिन्यांनी मी तिला सुरी हातात घेताना बघत होते.

तिला वास नाही, चव नाही, पण कान आहेत ना. ती कानानं रांधायला लागली. कांदा तेलात टाकला आणि डोकं वाकडं करून ऐकत राहिली. “चुरचुर थांबली, आता ढोबळी मिरची घाल.” मग धुरावलेलं सॉसेज, मग टोमॅटो, मग तांदूळ. मीठ कळेना तेव्हा चमचा ओडेसाच्या तोंडात. “कमी?” “कमी.” “आता?” “किंचित.” मिस ड्रुसिला हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण त्यांचा चेहरा जरा सैल झालेला मी पाहिला. झाकण ठेवलं. मग इमोजीननं मला एकच काम दिलं, फक्त एक. दहा मिनिटांनी गॅस बारीक करायचा. आणि स्वतः मागच्या दारात पाठ करून मिस ड्रुसिलांचे वाटाणे सोलायला बसली.

आत्या, मी ते काम केलंही असतं. पण मिस ड्रुसिला मक्याच्या पावात साखर घालतात असं माझ्या नजरेस पडलं. आता तुम्हीच सांगा, मक्याच्या पावात साखर! मी एवढंच म्हणाले की आमच्याकडे पाव आणि केक यांच्यात फरक करतात. त्या म्हणाल्या, मेकनच्या लोकांना केक कधी मिळालाच नसेल. मी म्हणाले, कुणाच्या पावाला काय म्हणायचं हे मी केकवाल्यांकडून शिकणार नाही. ओडेसा मध्ये पडली, कुणाच्या बाजूनं ते तिचं तिलाही कळलं नसेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शाब्दिक चकमक अशी रंगली होती की गॅस म्हणजे काय हेच मी विसरले होते.

मागच्या दारातून आवाज आला, “वर्नेल, काहीतरी करपतंय.”

मी तिकडे न बघताच म्हणाले, “काही करपत नाही गं, आणि तुला कसं कळणार...”

आणि मी गर्रकन वळले.

ओडेसाच्या हातातला डाव खाली पडला. इमोजीन वाटाण्यांची परडी मांडीवर धरून वळली होती. नाक फेंदारलेलं, डोळे एवढे मोठे. “करपतंय,” ती पुन्हा म्हणाली, पण आता अगदी हळू, कुणी झोपलेलं जागं होईल म्हणून बोलावं तसं.

मिस ड्रुसिलांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या पातेल्याकडे धावल्या. ओडेसा दोन्ही हात पसरून चुलीसमोर आडवी! “हात लावाल तर याद राखा! करपू दे! अजून करपू दे!” सर्दी झाल्यावर वाफारा घेतात तशी इमोजीन पातेल्यावर वाकली. धूर डोळ्यांत जात होता आणि ती तो ओढून घेत होती. खोकत होती, रडत होती, हसत होती. मी रडत होते. ओडेसा, जिनं तीस वर्षं पोरांना करपलेल्या भातावरून दम भरला, ती “हालेलुया” ओरडत होती. बाहेर दोन गिऱ्हाइकं पैसे टेबलावर ठेवून निघून गेली. मिस ड्रुसिलांना वाटलं असणार की मेकनला वेड्यांचं इस्पितळ आहे आणि त्याला सुट्टी लागली आहे.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ताप, चौदा महिने, डेट्रॉइट. बाईंनी शांतपणे गॅस बंद केला. मग फळीवरचे डबे एकेक काढून त्या इमोजीनच्या नाकाखाली धरायला लागल्या.

“हे?”

“नाही.”

“हे?”

“नाही हो.”

“बरं. हे?”

“नाही... थांबा. थांबा जरा. कॉफी. कॉफी आहे ही!”

मग व्हिनेगर ओळखलं. लवंग पुसटशी. कांदा नाही, कोळंबी नाही. मिस ड्रुसिलांनी कॉफी करून दिली, ती इमोजीन प्यायलीच नाही. कप दोन्ही हातांत धरून गार होईपर्यंत हुंगत बसली. आम्ही तिघी तिच्याभोवती बसून तिला कॉफी हुंगताना बघत होतो, आणि सांगते आत्या, अकरा जेवणांपैकी तेवढं पोट कुठल्याच जेवणानं भरलं नाही. (त्यानंतर आम्ही पीचचं गरम पुडिंगही खाल्लं, पण ते सावकाश.)

राहता राहिला तो भात. मिस ड्रुसिलांशी काहीबाही बोलून मी वेळ मारून नेली. ते फारसं महत्त्वाचं नाही.

उरलेल्या वेळात वेळापत्रक कोलमडलं, कारण इमोजीन पावलापावलावर थांबायची. दगडी भिंत हुंगायची, दुकानात जाऊन साबण हुंगायची, एका अनोळखी गृहस्थाची पाठ हुंगायला निघाली होती, तिला मी मागं ओढलं. मिसेस पिंकनींनी मला ज्या बाकावर पाहिलं, तिथं मी पेकनच्या दाण्यांची चिक्की खात होते आणि शेजारी इमोजीन तिचा रिकामा कागद नाकाला लावून बसली होती. ते बाहेरून कसं दिसलं असेल, याची मला कल्पना आहे. रविवारी चर्चमध्ये तिनं गाण्याचं पुस्तक उघडलं ते वास घ्यायला, आणि तिच्या शेजारच्या बाईनं जागा बदलली. चव अजून पुरती नाही आली. आंबट कळतं, कडू कळतं, गोड मधूनच येऊन जातं. डॉक्टर म्हणतात, सुरुवात झाली म्हणजे धीर धरा. सोमवारी तिनं मुलाला फोन केला आणि काहीतरी बराच वेळ बोलत होती. काय ते आम्ही विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

तेव्हा आत्या, तुमच्या दारात आले नाही याबद्दल क्षमा असावी. कारण काय होतं ते आता कळलं. कोंबड्यांना, शेजारच्या मिस्टर गॅस्टनना आणि ओळखीच्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. मिसेस पिंकनींना सांगितली नाही तरी चालेल.

तुमची,
वर्नेल

ता. क. — एक बारीकशी गोष्ट राहिली. मी वर ‘काहीबाही बोलून’ असं लिहिलं ते असं, की मिस ड्रुसिलांनी पातेल्याचा तळ खरवडत विचारलं, “हाच का तुमच्या आत्याचा भात?” माझ्या तोंडून निघून गेलं, “हो. आमची आत्या तो मुद्दाम असाच करपवते. खरवड हीच तर आमच्या घराण्याची खासियत.” तुमचं नाव खाली पडू नये, एवढाच हेतू होता.

ता. क. दुसरा — मिस ड्रुसिलांनी खरवड चाखली आणि त्यांना ती आवडली. खोटं नाही सांगत. काल त्यांचा फोन आला, त्यांच्या फळ्यावर ‘डॅरियनच्या ऑगस्टा आत्यांचा करपवलेला लाल भात’ असं लिहिलं, आणि म्हणे दुपारच्या आत संपला. पुढच्या गुरुवारी त्या गाडी घेऊन तुम्हाला भेटायला, तुमचा अभिप्राय घ्यायला आणि मूळ कृती पडताळायला येणार आहेत. तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे. बोलूही नका. फक्त त्या दिवशी गॅस जरा मोठा ठेवून कोंबड्यांकडे जा. या पत्राचं खरं कारण तेवढंच.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं, इमोजीनचं. वर्नेलनं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, आणि ते तिनं नीट चिकटवलेलं नव्हतं.) —

आदरणीय ऑगस्टा आत्या, वर लिहिलेलं बहुतेक खरं आहे. एकच दुरुस्ती. मला पहिला वास आला तो शुक्रवारी, खानावळीच्या रांगेत. शेजारून घोडागाडी गेली, आणि घोड्यानं जे करायचं ते केलं. क्षणभरच आला. आधी वाटलं, भास असेल. आणि खरं असलं तरी चौदा महिन्यांनी परत येताना नाकानं आणावं तरी काय, हे चारचौघींत सांगायची लाज वाटली. शिवाय ओडेसाला कळलं असतं तर मोहीम फत्ते म्हणून तिनं गाडी तिथूनच मेकनला वळवली असती, आणि मला या दोघींना अजून दोन दिवस खाताना बघायचं होतं. त्यामुळे पहिला वास तुमच्या भाताचाच, असं आपण सगळ्यांनी धरून चालावं.

मूळ कृती कुणाला द्यायची झाली तर मला द्या, वर्नेलला नको. माझं नाक आता बऱ्यापैकी कामाला लागलंय. मुलाला मी सोमवारीच सांगून टाकलं, या दोघींना आज संध्याकाळी सांगणार आहे. पत्ता पाकिटाच्या मागं लिहिलाय. मेकनचाच आहे, आणि तोच राहणार आहे.